चुन्याची रेघ

हे लिहीत असताना बिसेनभाऊ जिवंत आहेत. आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण आमच्या सबस्टेशनवर आणि त्यांच्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, लोक त्यांच्याविषयी बोलताना आत्तापासूनच 'होता' म्हणायला लागलेत. माणूस चांगला होता, हाताचा मजबूत होता. मागे चहाच्या टपरीवर एकाने 'बिसेन लाईनमन होता ना' अशी सुरुवात केली, तेव्हा बिसेनभाऊ त्याच्या मागेच उभे राहून भजी खात होते. त्यांनी ऐकलं, हसले आणि वरून एक मिरची मागून घेतली. मला मात्र हसू आलं नाही. सोमवारी सकाळी फोन वाजून 'ताई, बिसेन बोलून राहिलो' असं कानावर पडेपर्यंत मी चहाला हात लावत नाही.

मी वीज कंपनीच्या सबस्टेशनवर ऑपरेटर आहे. सालेकशाच्या पुढे, धानाच्या बांध्या संपून जंगल सुरू होतं तिथे आमचं सबस्टेशन. लाईनमनने फोन करून लाईन बंद मागायची, मी ब्रेकर पाडायचा, 'माणसं कामावर आहेत'ची पाटी अडकवायची आणि 'बंद केली' असं सांगायचं, की तो पोलावर चढणार. म्हणजे माझ्या एका शब्दावर माणूस तारेला हात घालतो. बाकीचे घालतातही. बिसेनभाऊंनी माझ्या शब्दावर आजवर हात घातलेला नाही. मी बंद म्हटलं तरी ते आधी तार तपासणार, मग दोन्ही बाजूंनी अर्थिंग करणार, मग वर. मी वर्ध्याहून नवी नवी इकडे आले तेव्हा मला याचा राग यायचा. एकदा विचारलंच, की भाऊ, माझ्यावर विश्वास नाही का.

"विश्वास हाये ना मॅडम," ते म्हणाले. "पन तपासली नाही ती तार चालूच समजाची. तिच्यावर पाखरू बसलं असन तरी."

पुढे मॅडमची मी ताई झाले, पण तपासणी काही सुटली नाही.

दुलीचंद बिसेन हे त्यांचं पूर्ण नाव, पण ते पगाराच्या दिवशीच कुणाच्या तोंडी येतं. पोवारांच्या घरातले, घरची थोडी धानाची शेती, एकुलती एक मुलगी रिता बालाघाटला दिलेली. बुटके, सडपातळ आणि शरीराच्या मानाने हात फार लांब. नखं इतकी खोल कापलेली की बोटांची टोकं लहान मुलासारखी दिसतात. कमरेला एक कापडी पिशवी कायम बांधलेली, तिच्यात हाताचा घाम टिपायला चुलीची चाळलेली राख. कमरेच्या दुसऱ्या बाजूला तंबाखूची पिशवी. एकदा साहेबांनी तंबाखू मागितली आणि भाऊंनी घाईत भलतीच पिशवी पुढे केली. साहेबांनी चिमूट दाढेखाली धरलीसुद्धा. त्यानंतर त्या साहेबांनी आमच्या कार्यालयात कुणाकडेही तंबाखू मागितली नाही. उंची मोजायचं भाऊंचं माप म्हणजे पोल. देवळाचा कळस पोलभर, मोहाचं झाड पाऊण पोल, साहेब स्वतः पाव पोल.

माघातल्या कचारगडच्या जत्रेत आम्हाला तात्पुरती लाईन टाकावी लागते. माणसांचा महापूर असतो. एका वर्षी ऐन तिन्हीसांजेला तिथली लाईन गेली. दुकानं अंधारात, बायाबापड्या पोरांना हाका मारतायत, साहेब फोनवर फोन करतायत. बिसेनभाऊ पोलाखाली पोचले, बेल्ट कमरेला लावला, आकडा दोनदा उघडून मिटून पाहिला आणि बेल्ट काढून जमिनीवर बसले. आकड्याची स्प्रिंग ढिली होती. सालेकशाहून दुसरा बेल्ट येईपर्यंत चढणार नाही म्हणाले. साहेबांनी नोटीस काढायची भाषा केली. फोनवरून मीही चिडून बोलले, की बायका-पोरं अंधारात बसलीत, जरा विचार करा.

"अंधारात लोक बसतात ताई, मरत नाही," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. बेल्ट आला, मग ते चढले, मग उजेड झाला. नोटीस काही निघाली नाही, पण साहेब पुढे वर्षभर त्यांच्याशी सरळ बोलले नाहीत.

हाच माणूस दर रविवारी अनवाणी, दोराशिवाय, दगडावर चढतो. मला हे पहिल्यांदा कुणी सांगितलं तेव्हा ते दुसऱ्या कुठल्या बिसेनबद्दल बोलतायत असं वाटलं होतं. आमच्याकडे बिसेन काही कमी नाहीत.

त्यांच्या टोल्यामागे एक पहाडी आहे. तिच्या पायथ्याशी मोठमोठे दगड पडलेत, आणि ढोरं चारणाऱ्या पोरांनी पिढ्यान् पिढ्या त्यांना नावं दिलीत. वासरू म्हणजे पाव पोल. रेडा अर्धा पोल. आणि या दोघांच्या मागे, जंगलाच्या तोंडाशी एकटाच राहिलेला, दीड पोल उंचीचा, त्याचं नाव उभा. समोरून तो भिंतीसारखा सरळ आहे, मधून पाणी ओघळून काळा पट्टा पडलाय, आणि वरच्या बाजूला कपाळ किंचित पुढे आलंय. मागून मात्र झाडोऱ्यातून उतरायला वाट आहे. उन्हाळ्यात त्याची सावली लांबवर पडते, पण ढोरं त्या सावलीत बसत नाहीत. अधूनमधून वरून खडे सुटतात म्हणून असेल. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मलाही तिथे बसावंसं वाटलं नाही.

लहानपणी ढोरं चारताना बिसेनभाऊ वासरावर आणि रेड्यावर चढायचे. तसे सगळेच चढायचे. उभ्याला कुणी हात लावायचं नाही. तो हात लागला गादीवाल्यांमुळे.

गादीवाले म्हणजे नागपूरहून आलेली चार-पाच पोरं-पोरी. पाठीवर दुमडलेल्या जाडजूड गाद्या घेऊन ती टोल्यातून चालत आली तेव्हा बायकांनी भाव विचारला. ती दगडांवर चढायला आली होती. याला बोल्डरिंग म्हणतात, दोर लागत नाही, पडलं तर खाली गादी असते, असं त्यांनी समजावलं. भाऊ त्यांना पहाडीवर घेऊन गेले आणि त्यांच्यादेखत रेड्यावर अनवाणी चढून दाखवलं. पोरं खूश. मग सगळ्यांनी मान वर करून उभ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्यातच वाद लागला. एक म्हणाला, एवढ्या उंचीला बोल्डरिंग म्हणतच नाहीत, हा सरळ सोलो, पडला की संपला. दुसरा म्हणाला, गाद्या जास्त टाकल्या तर हाही उंच बोल्डरच. ही रेघ नक्की कुठे असते यावर ते बराच वेळ भांडले.

हे भांडण बिसेनभाऊंनी मला पुष्कळदा ऐकवलंय, कारण त्यात त्यांनी विचारलेला प्रश्न त्यांना फार आवडतो. ते म्हणाले होते, "मरते कुठून, ते सांगा ना." पोरं हसली. पण भाऊ चेष्टा करत नव्हते. चालू तारेपासून किती लांब राहायचं याचं माप असतं, ते पुस्तकात छापलेलं असतं आणि लाईनमनला ते पाठ असतं. दगडालाही तसं माप असणार अशी त्यांची समजूत. त्यातली एक मुलगी गंभीर झाली. ती म्हणाली, काका, असा आकडा कुणालाच माहीत नाही. आमच्यात म्हणतात, जिथून तुम्ही आपणहून उडी मारायला तयार आहात तिथवर बोल्डरिंग. जिथून उडी मारवत नाही, तिथून पुढे सोलो.

झालं. भाऊंना माप सापडलं. दोराचंही त्या पोरांनी सुचवून पाहिलं, एक जुना दोर द्यायलाही तयार होती. भाऊ नको म्हणाले. दोर लावला का मग त्याचा पोलच झाला, असं त्यांचं म्हणणं. गादीवाले दोन हिवाळे आले, मग यायचे थांबले. मुलीचं ते वाक्य मात्र इथेच राहिलं.

गादी विकत घेणं शक्य नव्हतं, पण धानाच्या मुलखात तणसाला काय तोटा. कापणी झाली, धान चुरून झालं, की उरतं ते वाळलेलं लांब तणीस. भाऊ युरियाची रिकामी पोती शिवून जोडायचे, त्यात तणीस ठासून भरायचे, ती पोती उभ्याच्या पायाशी मांडायचे आणि वर आणखी सुट्या तणसाचा थर. मग चढायचे. गेल्या वर्षीच्या जागेपाशी पोचले की थांबायचे, अंदाज घ्यायचे, थोडं आणखी वर सरकायचे आणि तिथून मागे न पाहता तणसात उडी टाकायची. उठून अंग झाडून पुन्हा चढायचे ते हातात चुन्याचं डबडं घेऊन, आणि जिथून उडी मारली तिथे ठसठशीत आडवी रेघ ओढायचे. ती त्या वर्षाची रेघ. वर्षभर तिच्या वर हात गेला तरी पाय जायचा नाही. पावसाळ्यात चुना धुऊन जायचा, पुढच्या चुरणीनंतर पुन्हा उडी, पुन्हा रेघ. टोल्यातली पोरंसोरं, म्हातारे, सगळे बघायला जमायचे. हा जणू त्यांचा सणच झाला होता.

एका वर्षी मीही गेले. भाऊ रेघेच्या जागी पोचले तेव्हा माझ्या शेजारचा म्हातारा तंबाखू मळायचा थांबला. पाठ आमच्याकडे, दोन्ही लांब हात दगडाला चिकटलेले. मग हात सुटले. पडताना माणूस इतका वेळ हवेत असतो हे मला ठाऊक नव्हतं. तणसात धप्प आवाज झाला, धूळ उडाली, आणि धुळीतून त्यांचा हात आधी वर आला. पोरांनी टाळ्या पिटल्या. घरी परतताना माझ्या लक्षात आलं होतं की रेघ अर्ध्या पोलावरून निघून पाऊण पोलाच्याही वर गेलीय. दर वर्षी फार नाही, एखादी वीत. त्या नागपूरच्या मुलीचं माप खोटं नव्हतं. पण उडी मारायची हिंमत सवयीने वाढत जाते, हे तिने सांगितलं नव्हतं. हाडं काही सवयीने वाढत नाहीत.

कमलवहिनी, म्हणजे भाऊंच्या बायको, त्या सणाला कधी आल्या नाहीत. त्या दिवशी त्या घरात थांबून काहीतरी दळत किंवा निवडत बसायच्या. कुणी येऊन 'मारली उडी' म्हटलं की हातातलं खाली ठेवायच्या.

दोन वर्षांपूर्वी भाऊंना उडीतच लागलं. अवकाळी पाऊस येऊन गेला होता, तणीस ओलं होऊन दबलं होतं. उठले, पण घोटा सुजून मडक्याएवढा झाला. कार्यालयात त्यांनी, घरी न्हाणीघरात घसरलो, असं सांगितलं. मला खरं कळलं तेव्हा मी म्हणाले, भाऊ, आता रेघ खाली आणा. त्यावर त्यांचं उत्तर असं, की पडलो, उठलो, म्हणजे रेघ बरोबर होती, तणीस कमी होतं. या हिशेबाने तर मेल्याशिवाय रेघ चुकल्याचं कळायचंच नाही, असं मी बोलून गेले. त्यावर ते लाईनच्या कामाचं काहीतरी विचारू लागले.

मागल्या उन्हाळ्यात वहिनींनी आपल्या परीने तोड काढली. उभ्याखालची पोती त्यांनी उसवली आणि रोज थोडं थोडं करत सगळं तणीस गाईला खाऊ घातलं. मला त्यांनी हे मोठ्या समाधानाने सांगितलं. सबस्टेशनवर डबा द्यायला आल्या होत्या, पदराने घाम पुसत म्हणाल्या, "गाईले टाकून देल्ली सारी तणीस. आता गादी नाही, त उडी नाही. उडी नाही, त रेघ नाही. कायले चढतीन?" मलाही ते पटलं. ज्या माणसाने ढिल्या स्प्रिंगसाठी जत्रा अंधारात ठेवली, तो गादीशिवाय दगडाला पाय लावणार नाही असं कुणालाही वाटलं असतं. पावसाळा गेला, चुना धुऊन निघाला. कापणीला या वेळी टोल्यात हार्वेस्टर आला. ते यंत्र धान काढतं आणि तणसाचा चुरा करून बांधीतच फेकतं. लांब तणीस गावातून जणू नाहीसंच झालं. वहिनींना वाटलं, देवानेही आपलीच बाजू घेतली.

आणि बिसेनभाऊ कापणीनंतरच्या पहिल्याच रविवारी पहाडीवर गेले. नुसतं पाहून येतो म्हणाले. पुढच्या रविवारी पुन्हा. मग टोल्यातल्या कुणीतरी येऊन सांगितलं, की भाऊ उभ्यावर होते आणि खाली काही नव्हतं.

सोमवारी ते सामान न्यायला सबस्टेशनवर आले तेव्हा मी त्यांना त्यांचाच नियम ऐकवला. म्हटलं, तपासली नाही ती तार चालू समजायची ना? मग यंदा उडी झाली नाही, रेघ नाही, म्हणजे अख्खा दगडच चालू समजा.

"तार मारते ताई," ते शांतपणे म्हणाले. "दगड कोनाले मारत नाही. आपनच पडतो." मग इन्सुलेटर मोजून पोत्यात भरता भरता, माझ्याकडे न बघता आणखी एक गोष्ट बोलले. रेघ होती तेव्हा सगळं लक्ष रेघेकडे असायचं. आता काही नाही, तर फार मोकळं वाटते. हे बोलताना त्यांचा चेहरा इतका निवांत होता की मला त्यांची भीती वाटली.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी वहिनींचा फोन आला. ते गेलेत, तुम्ही येता का, मी एकटी जाऊ शकत नाही. मी स्कुटी काढली. पहाडीच्या पायथ्याशी गाडी लावून आम्ही झाडीतून चालत गेलो. भाऊ वर चढलेले असताना वहिनी त्या दगडाजवळ कधीच गेल्या नव्हत्या. 

भाऊ उभ्यावर होते. जुन्या रेघेचा पुसट पांढरा डाग त्यांच्या पावलांच्या चांगला खाली राहिला होता. खाली ना पोतं ना काडी, नुसती खडकाळ जमीन. ते हलत नव्हते. एक हात राखेच्या पिशवीत गेला, बाहेर आला, दगडावर काहीतरी चाचपू लागला, परत पिशवीत गेला. उजवा पाय शिलाई मशीन चालवताना हलतो तसा थडथडत होता. मला हाक मारायची होती आणि हाक मारायची भीतीही वाटत होती. आमची चाहूल त्यांना लागली असावी. मान न वळवता त्यांनी विचारलं, "कोन हाये?"

"मी हाव," वहिनी म्हणाल्या.

 मग वरून आवाज आला, आणि तो आवाज मी कधी ऐकलेला नव्हता, अगदी बारीक. "रिताची माय, किती झालं व?"

वहिनींनी वर पाहिलं. त्या डागाकडे पाहिलं, पायांकडे पाहिलं, मग खालच्या खडकाकडे. आणि चुलीपुढे बसून भाकर वाढताना बोलावं तशा सहज म्हणाल्या, "अर्धा पोल बी नाही झाला. या सावकाश."

पाय थांबला. मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते, थडथडणारा पाय जागच्या जागी थांबला. भाऊंनी श्वास घेतला, हात वर नेला, आणि कपाळाखालून बाजूने सरकत, एकेक बोट रोवत ते वर गेले. दोन-चार खडे सुटून आमच्या पुढ्यात पडले. मग त्यांची छाती कडेवर टेकली, मग पाय दिसेनासे झाले.

वहिनी तिथेच खाली बसल्या. मी त्यांचा हात धरला. म्हणाल्या, खरं सांगितलं असतं तर हात सुटला असता. मी म्हटलं, बरं केलंत वहिनी. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत बसल्या.

मागच्या वाटेने भाऊ उतरून आले ते हसतच. अंगभर राख, गुडघा खरचटलेला. मला वाटलं, आता ते वळून दगडाकडे पाहतील. पोलाच्या मापात सगळं जग मोजणारा माणूस, कुठवर चढलो होतो ते खालून एकदा तरी मोजेल. त्यांनी पाहिलं नाही. गाय बांधली का, एवढंच वहिनींना विचारलं.

मला हे डोक्यातून जाईना. बायकोचं खोटं त्यांना खरं वाटलं असेल तर पुढच्या वेळी ते आणखी काय करतील, या विचाराने झोप उडाली. दोन दिवसांनी ते सबस्टेशनवर आले तेव्हा मी सरळ सांगून टाकलं, की भाऊ, वहिनी त्या दिवशी खोटं बोलल्या. तुम्ही जुन्या रेघेच्या पुष्कळ वर होतात.

"हाव ना," ते म्हणाले. "मले ठाऊक होतं."

 ते दारात उभे होते, हेल्मेट काखेत, बेल्ट खांद्यावर. जाता जाता म्हणाले, "पन ताई, तिचा आवाज आला न, त्या येळी मी खरंच अर्ध्याच पोलावर होतो."

माझ्या शब्दावर ज्याने कधी तारेला हात घातला नाही, तो माणूस हे बोलत होता. मी वहिनींना यातलं काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर त्या जाणार नाहीत, आणि त्या गेल्या नाहीत तरी ते जाणारच. आपल्या खोट्यावर त्यांचा विश्वास आहे, एवढा एक आधार वहिनींना आहे. तो काढून घ्यायची माझी छाती होत नाही.

तेव्हापासून दर रविवारी दोघं जातात. टोल्यातले लोक आता बघायला जमत नाहीत. पोरांना त्यांच्या आया त्या बाजूला फिरकू देत नाहीत.

आज रविवार, सकाळी माझी ड्युटी होती. सबस्टेशनच्या फाटकाशी त्यांची मोटारसायकल थांबली, पाण्याची बाटली भरून घ्यायला. भाऊ दाढी करून आले होते, धुतलेला सदरा, कमरेला पिशवी. मी विचारलं, आज कुठवर? त्यांनी मान मागे झुकवून पाठीमागे बसलेल्या वहिनींकडे बोट केलं. "हे सांगन. हे खाली असली का उंची लागतच नाही ताई." आणि बाटली घेऊन नळाकडे गेले.

वहिनी गाडीवरच बसून होत्या. हातात काही नव्हतं, डबा नव्हता, तणीस तर नव्हतंच. नजर रस्त्याकडे, आणि ओठ हलत होते. मला वाटलं, जप करतायत. मी जवळ जाऊन म्हटलं, वहिनी, कुठल्या देवाचं नाव घेताय, मलाही सांगा, मीही घेते.

"देव नाही जी," त्या हळूच म्हणाल्या. "आवाज बरोबर ठेवून पाहून राहिली. गेल्या रविवारी थोडासा थरथरला, अन् त्याइचा पाय घसरला."

भाऊ बाटली भरून आले. वहिनींनी ती मांडीवर घेतली, त्यांनी किक मारली, आणि दोघं पहाडीच्या रस्त्याला लागले.